आइसलंडची पहिली सफर: वाऱ्यासाठी जागा ठेवून आखणी

आइसलंडच्या दक्षिणेला, विक गावाजवळ, रेनिसफ्यारा नावाचा काळ्या वाळूचा किनारा आहे. तिथल्या कड्याला हात लावला तेव्हा मला अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आठवली. तसेच उभे, कोनदार, एकमेकांना चिकटलेले दगडी खांब. लाव्हारस सावकाश थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे खांब तयार होतात. दोन्हीकडे बेसॉल्टच, फरक फक्त वयाचा. सह्याद्रीचे थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. आइसलंडमधला सगळ्यात जुना खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा आणि सगळ्यात नवा गेल्या काही वर्षांतला. सह्याद्री एकेकाळी जसा घडला असेल, तसं काहीतरी तिथे अजून चालू आहे. म्हणून गडकिल्ले फिरणाऱ्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.

हे टिपण पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. आम्ही चौघे सप्टेंबरमध्ये गेलो होतो. तयारीत काय बरोबर ठरलं आणि काय चुकलं, ते क्रमाने सांगतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: तुमच्या वेळापत्रकात एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. त्या दिवशी काय करायचं हे लिहूच नका. तो दिवस वाऱ्याचा.

पहिली पायरी: महिना ठरवा

तिकिटाच्या किमती बघण्याआधी स्वतःला विचारा की नेमकं काय बघायचंय. आइसलंडमध्ये सगळं एका वेळी दिसत नाही.

जून-जुलैमध्ये रात्र होतच नाही. राजधानी रेक्याविकमध्ये २१ जूनच्या सुमारास सूर्य मध्यरात्रीच्या आसपास मावळतो आणि तीनच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधल्या वेळेतही संधिप्रकाश असतो. त्यामुळे रात्री दहा वाजता धबधब्यावर जाता येतं, गर्दीही नसते. पफिन पक्षी साधारण मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत कड्यांवर असतात. आतल्या पठाराचे रस्ते बर्फ वितळल्यावर, बहुतेक जूनच्या अखेरीस किंवा त्यानंतर उघडतात. पण या दिवसांत उत्तरेचा प्रकाश, म्हणजे ऑरोरा, दिसत नाही. आकाशात अंधारच नसतो तर तो दिसणार कसा?

ऑरोरासाठी सप्टेंबर ते मार्च. निळ्या बर्फाच्या नैसर्गिक गुहांसाठी साधारण नोव्हेंबर ते मार्च. पण डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड जेमतेम चार तास असतो, आणि बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवायची सवय आपल्याकडे फार थोड्यांना असते. पहिल्याच सफरीला, स्वतः गाडी चालवत, जानेवारीत जाऊ नका. हिवाळ्यातच जायचं असेल तर रेक्याविकमध्ये मुक्काम करून तिथून बसने दिवसाच्या सहली करा.

माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. दिवस पुरेसा मोठा, रात्री अंधार, डोंगरउतारांवर तांबूस-पिवळा रंग चढलेला. त्याच सुमारास उन्हाळाभर डोंगरात मोकाट चरणाऱ्या मेंढ्या घोड्यांवरून हाकत खाली आणतात. या सोहळ्याला तिथे ‘रेत्तिर’ म्हणतात. धनगरवाड्यांची ओळख असलेल्या माणसाने तो जरूर बघावा.

दुसरी पायरी: नकाशा छोटा करा

आइसलंडचं क्षेत्रफळ साधारण १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकवस्ती चार लाखांच्या आत. बेटाला वळसा घालणारा ‘रिंग रोड’, म्हणजे रस्ता क्रमांक १, सुमारे १,३०० किलोमीटरचा आहे. पुणे ते नागपूर आणि परत इतकाच आकडा दिसला की आपण म्हणतो, सात दिवसांत आरामात होईल. नाही होत. झालाच तर तुम्ही देश गाडीच्या काचेतून बघता.

माझा हिशोब असा: पूर्ण फेरी करायची तर दहा दिवस, तेही कमीत कमी. सात-आठ दिवस असतील तर फेरीचा मोह सोडा आणि दक्षिण किनारा नीट बघा. पहिल्या खेपेला तेवढंही खूप आहे:

पहिला दिवस रेक्याविक. लांबच्या प्रवासानंतर त्याच दिवशी गाडी हातात घेऊ नका. दुसऱ्या दिवशी ‘गोल्डन सर्कल’: थिंगवेत्लिर, गेसिर आणि गुटलफॉस धबधबा. थिंगवेत्लिरला इ.स. ९३० मध्ये आइसलंडची लोकसभा, अल्थिंग, उघड्या माळावर भरायला सुरुवात झाली. त्याच जागी उत्तर अमेरिका आणि युरेशिया या दोन भूपट्टांमधली जमीन वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने फाकते आहे. दगडी भिंतींमधल्या त्या घळीतून चालताना सांधण दरीची आठवण येते, फक्त ही घळ पाण्याने कापलेली नाही, ती ताणून उघडलेली आहे. गेसिरला स्ट्रोकूर नावाचा उष्ण कारंजा दर पाच-दहा मिनिटांनी उसळतो.

तिसरा-चौथा दिवस दक्षिण किनारा. सेल्यालान्ड्सफॉस धबधब्याच्या पडद्यामागून फिरता येतं, पूर्ण भिजायची तयारी ठेवा. मग स्कोगाफॉस, सोल्हेमायोकुत्ल ही हिमनदी आणि विक. पाचवा-सहावा दिवस स्काफ्टाफेत्ल आणि योकुल्सारलोन, म्हणजे हिमनगांचा तलाव. सातवा मोकळा. आठव्या दिवशी परत.

दोन आठवडे असतील तरच उत्तरेकडे जा: मिवात्न तलाव, डेट्टिफॉस धबधबा, हुसाविकचे देवमासे. पश्चिमेच्या फ्योर्डांची, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांची, वाट दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा.

तिसरी पायरी: व्हिसा आणि तिकीट

आइसलंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन या सामाईक व्हिसाच्या देशगटात आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. तुम्ही अडीच-तीन महिने आधी करा, उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळत नाहीत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. तो घेतानाच हिमनदीवरची चाल, स्नॉर्कलिंग यांसारख्या गोष्टी त्यात येतात का, हे विचारून घ्या. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये त्या येत नाहीत.

आइसलंडबरोबर दुसरा शेंगेन देश जोडणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या.

भारतातून थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, कोपनहेगन, हेलसिंकी, पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा लंडन असं कुठेतरी बदलावं लागतं. तीन सूचना. शेंगेन शहरातून बदलत असाल तर पासपोर्टची तपासणी त्याच विमानतळावर होते, म्हणून मध्ये तीन तास तरी असू द्या. लंडनमार्गे स्वस्त मिळालं तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा तुम्हाला लागतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा. आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे पहिलं लांबलं तर पुढची सोय विमान कंपनी करते.

विमान केफ्लाविकला उतरतं. तिथून रेक्याविक साधारण ५० किलोमीटर, बस मिळते.

चौथी पायरी: गाडी

इथे जरा थांबून वाचा. आइसलंडमध्ये आपल्या लोकांची सगळ्यात जास्त फजिती गाडीवरून होते.

आपल्याकडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. मूळ परवानाही बरोबर हवा. स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने. पहिल्या दिवशी शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, असा नियमच करा. पार्किंगमधून निघताना आणि फोटोसाठी थांबून पुन्हा चालू लागताना सवयीने चुकीच्या बाजूला जाणं सगळ्यात सोपं असतं.

दिवे दिवसरात्र चालू ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. वेगमर्यादा वस्तीत बहुतेक ठिकाणी ५०, खडीच्या रस्त्यावर ८०, डांबरी रस्त्यावर ९०. डांबर संपून खडी सुरू होते ती जागा धोक्याची, तिथे आधीच वेग कमी करा. दोन पदरी गोल चौकात (राउंडअबाउट) आतल्या पदरातल्या गाडीला बाहेर पडताना अग्रक्रम असतो, हा नियम आपल्याला अगदीच अनोळखी. ‘एन्ब्रेद ब्रू’ अशी पाटी दिसली की पुढे एकेरी पूल आहे. जो पुलाजवळ आधी पोचला तो आधी जातो, दुसरा थांबतो. ‘ब्लिंदहैद’ म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ, तिथे उजवी कड सोडू नका.

पेट्रोलपंपावर बहुतेक ठिकाणी पेट्रोल स्वतःच भरायचं. कार्ड घालून चार आकडी पिन मागतात, तेव्हा पिन चालणारं कार्ड आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असल्याची खात्री घरूनच करा. टाकी अर्ध्यावर आली की भरा.

दक्षिण किनाऱ्याला उन्हाळ्यात साधी लहान गाडी चालते. ज्या रस्त्याच्या क्रमांकाआधी ‘एफ’ अक्षर असतं, तो डोंगरी रस्ता: तिथे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडीच कायद्याने लागते, आणि अनेक ठिकाणी पूल नाहीत, नदीतून गाडी काढावी लागते. इंजिनात पाणी गेलं तर गाडीचा विमा बहुधा एक पैसाही देत नाही. पहिल्या खेपेला एफ रस्त्यावर स्वतः जाऊच नका. आतल्या डोंगरांतल्या लाँडमन्नालॉइगर आणि थोर्समर्कला उंच चाकांच्या बस जातात, त्यांचे चालक त्या नद्या ओळखतात.

विम्याचं सांगतो. गाडी घेताना काउंटरवर तीन-चार जादा विमे पुढे करतात. त्यातला खडी उडून काच फुटण्याचा विमा घ्या. आग्नेय बाजूला जाणार असाल तर वाळू-राखेचाही घ्या. तिथल्या वाळूच्या मैदानांवर वादळ उठलं तर गाडीचा रंग खरवडून निघतो. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकं आणि काचेची खालची कड धरून. आम्ही तो काढला होता, म्हणून परत करताना आधीच्या एका ओरखड्याचे पैसे आमच्याकडून घेतले गेले नाहीत.

रस्ता सोडून गाडी कुठेही उतरवायची नाही. हा गुन्हा आहे आणि दंड जबर आहे. कारण जमिनीवर बघाल तर कळेल: लाव्हाच्या मैदानांवर जाड, मऊ शेवाळाची गादी असते. तिच्यावर उमटलेला टायरचा किंवा बुटाचा माग भरून यायला कित्येक दशकं लागतात. विकच्या पूर्वेला एल्दह्राउन आहे, १७८३-८४ च्या लाकी उद्रेकाचा लाव्हा. तिथे आखलेल्या पायवाटेवरूनच चाला.

पाचवी पायरी: वारा वाचायला शिका

आपण हवामान बघतो म्हणजे पाऊस आणि तापमान बघतो. आइसलंडमध्ये आधी वारा बघायचा. आणि तो तिथे मीटर प्रति सेकंदात सांगतात, यामुळे आपला माणूस फसतो. अंदाजात ‘१८’ दिसलं की वाटतं, अठरा म्हणजे काहीच नाही. त्याला ३.६ ने गुणा: ताशी ६५ किलोमीटर. १५ मीटर म्हणजे ताशी ५४, २० म्हणजे ७२, २५ म्हणजे ९०. माझी मर्यादा अशी होती: पंधरापर्यंत सावकाश गाडी, पंधरा ते वीसमध्ये गरज असेल तरच, विसाच्या वर थांबायचं. उंच छपराची, आत झोपायची सोय असलेली कॅम्परव्हॅन असेल तर ही मर्यादा आणखी खाली आणा, कारण ती वाऱ्याला शिडासारखी सापडते. डोंगराच्या कुशीतून बाहेर पडताना झोत अचानक येतो, सरासरीपेक्षा कितीतरी जोराचा.

विकच्या पेट्रोलपंपावर आमच्या शेजारी एक गाडी उभी राहिली. आतल्या माणसाने नेहमीसारखं दार उघडलं आणि वाऱ्याने ते त्याच्या हातातून हिसकावून पुढच्या पत्र्यावर आपटलं. बिजागरी वाकली. त्यानंतर दार बंदच होईना, दोरीने बांधून ते लोक निघाले. वाऱ्याने उखडलेल्या दाराचं नुकसान सहसा विम्यात येत नाही. तेव्हा रीत अशी: गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, एका वेळी एकच दार उघडा, एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने दाराची वरची कड धरून. मुलांना दार उघडू देऊ नका, तुम्ही बाहेरून उघडा.

रोज सकाळी आणि रात्री तीन ठिकाणं बघायची. हवेसाठी वेदुर डॉट इज (vedur.is), रस्त्यांसाठी उम्फर्दिन डॉट इज (umferdin.is), आणि एकूण धोक्यांसाठी सेफट्रॅव्हल डॉट इज (safetravel.is). हवेचे इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत येतात. पिवळ्यात बेत बदला, नारिंगीत गावातच राहा. रस्ता बंद दाखवत असेल तर तो बंदच आहे. फाटक ओलांडून ‘बघू तर’ म्हणत पुढे जायचं नसतं.

मोकळ्या दिवसाचा धडा आम्हाला असाच मिळाला. आमच्या मूळ बेतात प्रत्येक रात्रीचं गाव ठरलेलं आणि पैसे भरलेले होते. विकहून पूर्वेला निघायच्या सकाळी स्केडारारसांडूरच्या वाळूच्या मैदानावर वादळ उठलं आणि रस्ता बंद झाला. पुढच्या गावातली खोली परत न मिळणाऱ्या पैशांची होती, ते पैसे गेले. विकमध्ये खोली मिळेपर्यंत दुपार झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता उघडला आणि योकुल्सारलोनला आम्हाला दोन दिवसांऐवजी चार तास मिळाले. याच मैदानावर १९९६ मध्ये हिमनदीखालच्या उद्रेकाने पूर आला आणि पूल वाहून गेला. त्याचे पिळवटलेले लोखंडी गर्डर स्काफ्टाफेत्लजवळ रस्त्याच्या कडेला ठेवले आहेत. १९७४ मध्ये इथले पूल बांधून झाले तेव्हाच बेटाचा वळसा पूर्ण झाला होता. तिथे थांबाच. मोटारीएवढे गर्डर वायरसारखे वळलेले बघितले की एक दिवस वाया गेल्याचं दुःख फारसं उरत नाही.

सहावी पायरी: बॅग

जीन्स घेऊ नका, ती भिजली की वाळत नाही. छत्रीही घेऊ नका. अंगालगत मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जाकीट. आपल्या पावसाळी ट्रेकचं साधं विंडचीटर चालत नाही. पाणी अडवणारी पँट आपण बहुतेक नेतच नाही आणि धबधब्याजवळ तीच हवी असते. घोट्याला आधार देणारे बूट घरी वापरून मऊ केलेले असावेत. टोपी, हातमोजे जुलैमध्येही. जुलैतलं दुपारचं तापमान साधारण १३-१५ अंश असतं, पण वाऱ्यात ते तसं वाटत नाही. पोहायचे कपडे आणि टॉवेल वर ठेवा, ते रोज लागतील. मिवात्नला उन्हाळ्यात जाणार असाल तर डोक्यावर घ्यायची बारीक जाळी न्या, तिथल्या चिलटांचे ढग तोंडावर येतात.

सातवी पायरी: राहणं, खाणं

महाग आहे, हे मान्य करून चला. चौघांनी मिळून गाडी आणि स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाऊस घेतलं तर परवडतं. उन्हाळ्याचा दक्षिण किनारा पाच-सहा महिने आधी ठरवा. विक आणि योकुल्सारलोनच्या आसपास खोल्याच मोजक्या. कॅम्परव्हॅन घेतलीत तरी रात्र अधिकृत कॅम्पसाइटवरच काढायची, वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही.

बोनुस आणि क्रोनान या दुकानांतून सामान घ्यायचं. भात, मसूर, भाज्या, पाव, ‘स्कीर’ हे घट्ट दही. शाकाहारी माणसाचं रेक्याविकमध्ये उत्तम जमतं, लहान गावात मात्र पेट्रोलपंपावरच्या चिप्सवर भागवावं लागतं. घरून भाजलेले पोहे, मेतकूट, चटण्या, पाकिटातली खिचडी न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून नेण्यावर निर्बंध आहेत, तेव्हा पेढे-बर्फी राहू द्या. आम्ही रोज सकाळी थर्मासमध्ये गरम पाणी भरून घ्यायचो आणि दुपारी कुठल्यातरी धबधब्याजवळ गाडीत बसून मेतकूट-भात खायचो.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं थंड पाणी थेट प्या. गरम पाण्याला बऱ्याच ठिकाणी गंधकाचा वास येतो, कारण ते जमिनीतून येतं. नुकसान काही नाही, पण चहाला थंड पाणी घेऊन तापवा.

आठवी पायरी: चार जागा, जिथे डोकं शांत ठेवायचं

समुद्र. रेनिसफ्याराला लाटांकडे पाठ करायची नाही. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांच्या कितीतरी पुढे येते, पायाखालची वाळू ओढून नेते आणि बर्फासारख्या पाण्यात माणूस परत उभा राहू शकत नाही. तिथे माणसं दगावली आहेत. वाटेवर धोक्याची पातळी दाखवणारे दिवे आहेत. लाल असेल तर किनाऱ्यावर उतरू नका. आपण कोकणात वाढलो, पोहता येतं, याचा तिथे काही उपयोग नाही.

हिमनदी. तिच्यावर वाटाड्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात. सोल्हेमायोकुत्ल किंवा स्काफ्टाफेत्लला अर्ध्या दिवसाच्या सहली मिळतात, बुटांना लावायचे खिळे आणि हेल्मेट तेच देतात. चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकून आणि तळवा पूर्ण टेकवून टाका. टाचेवर किंवा चवड्यावर चालायची आपली सवय तिथे घसरवते. बर्फात काळे पट्टे दिसतील. ती जुन्या उद्रेकांची राख आहे, थरांत गोठलेली.

गरम जमीन. गेसिर, ह्वेरिर अशा ठिकाणी दोरीच्या आतच राहा. वरचा पापुद्रा पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. ओढा वाफाळताना दिसला म्हणजे अंघोळीचा असेलच असं नाही, आधी बोट बुडवायचीही घाई नको.

नदी. लाँडमन्नालॉइगर ते थोर्समर्क हा साधारण ५५ किलोमीटरचा लॉइगावेगुर ट्रेक करणार असाल तर नद्या पायीच ओलांडाव्या लागतात. चार दिवसांचा ट्रेक, मुक्कामाच्या झोपड्या कित्येक महिने आधी भरतात. हिमनदीचं पाणी दिवसभर बर्फ वितळत जातो तसं वाढतं, म्हणून मोठी नदी सकाळी लवकर गाठा. जिथे पात्र रुंद होऊन दोन-चार फाट्यांत विभागलंय तिथे पाणी उथळ असतं. बूट काढून सँडल घाला, अनवाणी नको, थंडीने तळव्यांना काही कळेनासं होतं. पाठीवरच्या बॅगेचा कमरेचा पट्टा आधीच सोडा, म्हणजे पडलात तर बॅग झटकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एकमेकांच्या खांद्यांना धरून. पाणी मांडीच्या वर येत असेल तर परत फिरा आणि थांबा. पावसाळ्यात फुगलेला ओढा ओलांडण्याची आपली शिस्त अगदी हीच आहे, फक्त इथे पाणी शून्याच्या जवळ असतं.

अशा ट्रेकला जाताना सेफट्रॅव्हलवर तुमचा बेत नोंदवून ठेवा. आणीबाणीचा क्रमांक ११२. ११२ चं ॲप फोनमध्ये घ्या, त्यातून तुमची जागा कळवता येते. तिथली शोध-बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत, दिवसा नोकरी करणारे लोक रात्री वादळात बाहेर पडतात, आणि वर्षअखेरीच्या फटाक्यांची विक्री हा त्यांच्या निधीचा मोठा आधार आहे. लोणावळा-महाबळेश्वरच्या दऱ्यांमध्ये दोर घेऊन उतरणारी आपली मुलं मला त्यांच्यात दिसली. तुमच्या हट्टापायी त्यांना बाहेर पडावं लागू नये एवढं बघा.

नववी पायरी: ज्वालामुखी जागा असेल तर

आइसलंडमध्ये सुमारे ३० सक्रिय ज्वालामुखी प्रणाली आहेत. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्लच्या राखेने युरोपातली विमानं अनेक दिवस जमिनीवर बसवली होती. रेक्यानेस द्वीपकल्प साधारण आठशे वर्षं शांत होतं, तिथे मार्च २०२१ मध्ये फाग्रादाल्सफ्यात्लला जमीन उघडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक हे मासेमारी करणाऱ्यांचं गाव रातोरात रिकामं करावं लागलं, आणि १४ जानेवारी २०२४ ला लाव्हा गावाच्या कडेच्या घरांपर्यंत आला. त्यानंतरही त्या पट्ट्यात उद्रेक होत राहिले.

घरचे लोक बातमी ऐकून घाबरतात. त्यांना समजावून सांगा की हे बहुतेक भेगांमधून वाहणारे उद्रेक आहेत, परिणाम ठराविक पट्ट्यापुरता असतो आणि विमानतळ साधारणपणे चालू राहतो. पण बंद केलेल्या क्षेत्रात पाऊल टाकायचं नाही. तिथे लाव्हाइतकाच विषारी वायूचा धोका असतो, तो खोलगट जागेत साठतो आणि दिसत नाही. धोका निर्माण झाला की त्या भागातल्या फोनवर संदेश येतो, म्हणून फोन चालू ठेवा. ग्रिंडाविकच्या रस्त्याला लागलात तर हळू बोला, फोटो बेतानेच काढा. ती लोकांची घरं आहेत.

शेवटचं: नावं आणि गरम कुंड

गावांची नावं बघून घाबरू नका. आपण जसं गड, वाडी, खिंड, ओढा जोडून नाव करतो, तसंच तिथे आहे. फॉस म्हणजे धबधबा, योकुत्ल म्हणजे हिमनदी, विक म्हणजे समुद्राचा लहान आखात, वात्न म्हणजे तलाव, फ्यात्ल म्हणजे डोंगर, ह्राउन म्हणजे लाव्हाचं रान. स्कोगाफॉस म्हणजे जंगलांचा धबधबा. दोन दिवसांत नावावरून जागा ओळखू यायला लागते आणि गाडीत त्याचा छान खेळ होतो.

ब्लू लगून हे गरम पाण्याचं तळं प्रसिद्ध आहे, पण एका संध्याकाळी कुठल्याही लहान गावाच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर जा. जवळपास प्रत्येक गावात जमिनीतल्या उष्णतेने तापवलेला असतो, आणि तिकीट ब्लू लगूनच्या मानाने नाममात्र. एक नियम कडक आहे: पाण्यात उतरण्याआधी, पोहायचे कपडे न घालता, साबणाने पूर्ण अंघोळ करायची. स्त्री-पुरुषांची वेगळी न्हाणी असते, पण तिथे पडदा बहुधा नसतो. पाण्यात क्लोरीन कमी घालता यावं म्हणून हा नियम आहे. आपल्याला पहिल्या दिवशी अवघडतं, पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. कपडे घालूनच शॉवरखालून पळालात तर मात्र कुणीतरी नक्की परत पाठवतं.

मग बाहेर या. चाळीस अंशांच्या आसपासचं पाणी असलेली लहान गोल कुंडं असतात, त्यांना तिथे ‘हॉट पॉट’ म्हणतात. आपल्याकडे गावचा पार असतो तशी ती जागा. आम्ही गेलो त्या संध्याकाळी शेतावरून आलेले दोन म्हातारे आणि शाळेतली एक शिक्षिका आधीच बसलेले होते, वर बारीक पाऊस पडत होता. कुठून आलात विचारलं. आमचेही डोंगर याच दगडाचे, फक्त सहा-सात कोटी वर्षं जुने, असं सांगितल्यावर त्यातल्या एका म्हाताऱ्याने बाजूला सरकून आम्हाला जागा करून दिली. मग उद्या कुठे जाणार, हे ऐकून त्याने ढगाकडे बघितलं आणि म्हणाला, पूर्वेला उद्या नको, परवा जा.